सात नंबरचा हिरवा दिवा

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक गादी, ताईने बळेबळे गळ्यात मारलेलं जाड पांघरूण आणि राउटरच्या परीक्षेचं ते वीटभर पुस्तक, एवढा संसार जिन्यावरून वर चढवताना घामाघूम झाले. खोली ऑफिसच्या डोक्यावरच आहे. कामाला जायचं म्हणजे जिना उतरायचा, की झालं. उशीर झाल्याची सबब आयुष्यातून कायमची गेली म्हणायची. खिडकीतून टेकडी दिसते, तिच्यावर सुटी सुटी घरं, आणि घराघरांकडे गेलेल्या आमच्या तारा. एका दिवसात 'आमच्या' म्हणायला लागले, मी पण धन्य आहे.

अख्ख्या गावाला इंटरनेट पुरवायला आम्ही तीन माणसं. साहेब टेबलाशी बसतात आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघतात. स्क्रीनवर एकेका तारेचा एकेक चौकोन, प्रत्येक चौकोन हिरवा असला की साहेब खूश. दुसरे तारा ओढणारे काका. शिडी सतत खांद्यावर, म्हणून सगळे शिडीकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. मला पहिल्याच दिवशी 'परीक्षार्थी मॅडम' करून टाकलं. खांबावर चढणार का म्हणून विचारलं. मी म्हटलं, उंचीची भीती वाटते. तर म्हणाले, मग आतलं तुझं, बाहेरचं माझं, भांडणच मिटलं.

मार्चमध्ये परीक्षा पास झाले तर साहेब कायम करणार आहेत. तोवर शिकाऊ. असू दे. मागच्या खोलीतला राउटर बघून माझं निम्मं समाधान तर आजच झालं. हातात खरं यंत्र मिळालंय, आता पुस्तकाशी झुंजायला मजा येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज राउटरला एकेका पोर्टची सविस्तर माहिती विचारली. पोर्ट म्हणजे राउटरचं एकेक तोंड, एकेका तोंडात एकेका भागाची, नाहीतर दूरच्या एखाद्या घराची तार. आज्ञा दिली की पानभर आकडे ओततो. आत किती पॅकेट, म्हणजे माहितीच्या लहान पुड्या, आली, बाहेर किती गेली, किती गाळली, किती फुटकी निघाली, तार कितीदा पडली आणि उठली. वरच्या बाजूला एक ओळ: आकडे शेवटचे कधी पुसले. तिथे सगळीकडे 'कधीच नाही' असं. माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसं वाटलं. नुसता हिरवा दिवा बघणं आणि हे वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण हे साहेबांना कोण सांगणार.

आणि आज मी चक्क एक आजार शोधून काढला. चार नंबरच्या पोर्टवर फुटक्या पॅकेटांचा आकडा सारखा वाढत होता. दिवा हिरवाच, चौकोन हिरवाच. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, की पुस्तकाचे पैसे वसूल झाले म्हणायचे, बघतो काय करायचं ते. साहेबांनीही मान डोलावली. मी दिवसभर हवेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

काकांबरोबर टेकडीवर गेले. चार नंबरवर एकच घर आहे, सर्वांत वरचं, बाईंचं. शाळेत शिकवायच्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, एकट्या राहतात. गावात कुणालाही 'बाई' एवढंच म्हटलं की त्याच. काकाही त्यांचेच विद्यार्थी. इतका मोठा माणूस, पण घरात शिरताना शिडी बाहेर ठेवून केस सारखे केले.

दवाखान्याने बाईंना गळ्यात घालायची घंटा दिलीय. मध्यंतरी त्या पडल्या होत्या म्हणून. बटण दाबलं की घरातल्या डब्याकडून आमच्या राउटरकडे, तिथून दवाखान्यात. बाईंनी मला हे सगळं पाठ म्हणायला लावलं. एकही पायरी चुकली असती तर कान पकडला असता. मग विचारलं, की मधला तुमचा तो राउटर झोपला तर. मी ऐटीत सांगितलं, बाई, तो झोपत नाही. त्यांनी बटण दाबून बघितलं, लगेच दवाखान्यातून नर्सचा फोन आला, आणि बाई लहान मुलीसारख्या हसल्या. निघताना म्हणाल्या, परीक्षेआधी येऊन उजळणी करून जा, पाठांतर बरं आहे पण समजून घेण्यात आळस दिसतो.

मला त्या फार आवडल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ताईचा फोन. तिचं सुरू झालं की संपत नाही. भाच्याला दात येतोय, शेजारीण भांडली, शनिवार-रविवार तू इकडेच यायचंस, ऐकणार नाही. तेवढ्यात काका शिडी घेऊन दारात आले आणि तिकडून काहीतरी सांगायला लागले. एका कानात ताई, दुसऱ्या कानात काका. मी दोघांनाही 'हो हो' म्हटलं. ताईने ते लगेच पकडलं. म्हणाली, तुझं हे हो हो म्हणजे निव्वळ थाप, तू काही ऐकलेलं नसतंस. लहानपणापासून हाच आरोप आहे. खरं सांगायचं तर आरोपात तथ्य आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लूप लावून बघितला. पोर्टला आज्ञा द्यायची, की तुझं पाठवलेलं बाहेर जाऊ देऊ नकोस, तुझं तूच परत घे. तारेच्या तपासणीसाठी करतात हे. सात नंबर राखीव आहे, त्याच्यावर तशी चिठ्ठी पहिल्याच दिवशी वाचली होती, म्हणून टेबलावरूनच तो निवडला. लूप लागल्यावर आकडे बघण्यासारखे असतात. जेवढी बाहेर गेली, बरोब्बर तेवढीच आत. एकही फुटकं नाही, एकही गाळलेलं नाही. दिवा हिरवा. पलीकडे तार असो, नसो, राउटर आपलाच प्रश्न आपणच ऐकतो, आपणच उत्तर देतो आणि म्हणतो सगळं उत्तम. हसू आलं. वहीत टिपण काढत होते तोवर बसची वेळ झाली. पळते आता, ताई डोकं खाईल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाई गेल्या.

सकाळी बसमधून उतरले तर ऑफिसच्या दारात माणसं उभी. शनिवारी सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या. रविवारी दूधवाल्याने दार वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना बोलावलं. नर्स सांगत होती, की लागलं होतं ते एवढं जीवावरचं नव्हतं, वेळेत कुणी पोचायला हवं होतं. घंटा त्यांच्या मुठीत होती. अंगठा बटणावर. डब्याने नोंद ठेवलीय, त्या दाबत होत्या, शनिवारभर दाबत होत्या. दवाखान्यात एकदाही वाजली नाही.

साहेब म्हणत होते, की आपल्याकडे तर चौकोन हिरवा होता, पूर्ण वेळ हिरवा.

मी मागच्या खोलीत गेले. सात नंबरमध्ये तार खोचलेली होती. तारेवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: बाई.

त्यांनी चार नंबरवरून तार काढून सातमध्ये लावली होती. मीच सांगितलं होतं ना, चार नंबर आजारी आहे म्हणून. आणि बुधवारी दारातून ते हेच सांगत होते. मी हो हो म्हटलं.

शुक्रवारी लूप लावायच्या आधी सात नंबरचे आकडे एकदा, एकदा तरी वाचले असते तर तिथे येणं-जाणं दिसलं असतं. आकडे वाचायला शिकायला आलेली मी, आणि चिठ्ठी वाचून मोकळी झाले.

शुक्रवारी बसच्या घाईत लूप तसाच राहून गेला होता. लूप काढला. मग आकडे पुसले. का पुसले? बाईंची प्रत्येक हाक त्यात आत गेलेली आणि परत फिरलेली मोजलेली होती, ते मला बघवेना. हे मी स्वतःला सांगतेय. खरं कारण हे की पुसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पुसल्यावर वरच्या ओळीत 'कधीच नाही'च्या जागी आजची तारीख आणि वेळ उमटली. ती पुसायची आज्ञा पुस्तकात नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंचा भाचा परगावाहून आलाय. आरडाओरडा नाही केला त्याने. नुसतं विचारलं, मावशीने एवढी हाक मारली ती कुठे गेली. त्याला लेखी उत्तर हवंय.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. काकांनी सरळ सांगितलं, की तार बुधवारी हलवली, ती चालू होती, आणि परीक्षार्थी मॅडमना त्याच दिवशी सांगितलं, त्या हो म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मला काही सांगितलं नाही.

एवढं स्वच्छ, एवढं पटकन तोंडातून गेलं, की मलाच ते खरं वाटलं. काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. विसरलेली वस्तू शोधत असल्यासारखे. मग पुटपुटले, की सांगितल्यासारखं वाटतंय खरं. साहेबांनी त्यांना उद्यापासून घरी बसायला सांगितलं. कुणाला न सांगता तार हलवली आणि नीट बसवली नाही, असं सगळं खापर त्यांच्या डोक्यावर. त्यांची शिडी ऑफिसच्या भिंतीला टेकून तशीच राहिली. खांद्यावर शिडी नसलेले काका मी पहिल्यांदा बघितले. लहान दिसत होते.

मला जेवण गेलं नाही. गेलं असतं तर जास्त लाज वाटली असती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंचं घर बंद झालं. त्यांचा डबा आणि घंटा भाच्याने ऑफिसात आणून दिली, ती फळीवर आहे, बॅटरी काढलेली. सात नंबरमधली तार साहेबांनी माझ्याकडून काढून घेतली. मी माझ्या हाताने काढली. पोर्ट रिकामा.

दुपारी सहज बघायला गेले. दिवा हिरवा आहे.

बिघाड असेल म्हणून सविस्तर आकडे मागवले. आत आलेली पॅकेट: एक. मी बघत असताना झाली दोन. लहानसं पॅकेट, घंटेचं असतं तेवढंच. टेकडीवर गेलो त्या शनिवारी बाईंनी दाबून बघितली तेव्हा ते केवढं असतं हे काकांनी मला माझ्या फोनवर मोजायला लावलं होतं, माप माझ्या डोक्यात पक्कं आहे. तार कितीदा पडली-उठली, तिथे शून्य. म्हणजे राउटरच्या मते ही तार कधी सुटलीच नाही.

घंटा फळीवरच होती. मी तिला हात लावला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भर दुपारी, उघड्या खिडक्यांत, साहेब शेजारच्या खोलीत फोनवर बोलतायत आणि सात नंबरवर आकडा वाढतोय. दर वेळी एकेक. जेवढी आत, तेवढीच बाहेर. लूप लावलेला नाही, मी तीनतीनदा तपासलं. पोर्ट बंद करायची आज्ञा दिली. राउटर म्हणतो बंद आहे. आकडा वाढतोच आहे.

एकही गाळलेलं नाही. एकही फुटकं नाही. बाईंचं अक्षर असं होतं म्हणे, काका सांगायचे.

साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, हिरवं आहे ना, मग झालं.

मला माहितीय ते काय आहे. ती हाक आहे, आणि ती माझ्यापाशी अडलीय. मी खरं बोलले की थांबेल. सोमवारी बोलते. काकांच्या घरची चूल त्या शिडीवर चालते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आधी ताईला सांगावं म्हटलं, धीर येईल. फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी सगळं, रडत रडत. लूप मी लावला, काकांनी मला सांगितलं होतं, मी खोटं बोलले, बाई माझ्यामुळे गेल्या. ताईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ते खटकायलाच हवं होतं.

मग म्हणाली, अगं, ऐकून बरं वाटलं. तिथे रुळलीस, काम आवडतंय, काळजी मिटली माझी.

मी म्हटलं ताई, तू काय ऐकलंस? पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. ती हसून म्हणाली, किती वेळा तेच, कळलं ना, सगळं उत्तम चाललंय.

फोन ठेवल्यावर कानात माझाच आवाज. मी बोललेलं सगळं, शब्द न् शब्द, पहिल्यापासून. फक्त मला ऐकू येणारं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलं. एकेक शब्द सुटा. काकांनी मला सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. लूप मी लावला.

साहेब म्हणाले, मला खात्री होतीच. तुम्हाला सांगितलंच नव्हतं त्यांनी. हे एकदा ठामपणे बोललात ते बरं झालं, आता भाच्याला उत्तर लिहून टाकतो, शिडीकाकांची सही घेतली की प्रकरण संपलं.

मी त्यांची बाही धरली. नाही म्हटलं. नाही, नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि चहा मागवू का विचारलं.

जिन्यात बसून ऐकत राहिले — माझं बोलणं परत येत होतं. जेवढं गेलं तेवढं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बोलण्यात खोट असेल तर लिहून. कागदावर लिहिलं, सही केली, दवाखान्यात नर्सच्या हातात दिलं. तिने माझ्यासमोर वाचलं. सावकाश, ओठ हलवत. घडी घातली. म्हणाली, बरं केलंत कळवलंत, लाइन ठीक चालू आहे म्हणजे आता काळजी नाही.

कागद मागून घेतला. माझंच अक्षर. मी लिहिलेलंच. लूप मी लावला, असं —

बाहेरून बघणाऱ्याला मी हिरवी दिसते.

बाईंनाही असंच वाटलं असेल. दाबतेय, दाबतेय, वाजतच असेल, येतीलच —

नाही. त्यांची चूक नव्हती. माझी आहे. मी त्यांच्याशी बरोबरी करायची नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काका आलेत. वर, माझ्या खोलीत. साहेबांनी दिलेला कागद घेऊन. सही करायच्या आधी फक्त एकदा विचारायचंय म्हणाले, रागावू नको पोरी, मी तुला सांगितलं होतं का नव्हतं.

मी सांगितलं. सांगितलं होतंत काका. पाया पडून सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, तसंच असणार. वय झालं. सांगितलं असं मनात धरून बसलो आणि बाईंचा जीव घेतला मी.

तुम्ही नाही. मी. काका, मी —

आता हे त्यांच्यासमोर लिहितेय. वही त्यांच्याकडे फिरवून, मोठ्या अक्षरात, त्यांना प्रत्येक शब्द उमटताना दिसेल असं. तुम्ही मला सांगितलं होतं. ते वाचतायत. चष्मा पुसून पुन्हा वाचतायत. मान हलवतायत — म्हणतायत, हो ना, तूही तेच लिहितेयस, मी सांगायला विसरलो.

तुम्ही सांगितलं होतं. सांगितलं होतं. लूप मी लावला. तुम्ही निर्दोष आहात.

डोळे भरलेत त्यांचे. मला म्हणतायत, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझी परीक्षा आहे. कागद मांडीवर ठेवलाय. खिसे चाचपतायत. पेन नाही त्यांच्याकडे. माझं मागतायत.

देणार नाही. लिहीत राहीन. मी लिहितेय तोवर पेन माझ्या हातात आहे, पेन माझ्या हातात आहे तोवर सही होत नाही. काका, तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही सांगितलं होतं. हात पुढे केलाय त्यांनी, हळूच, समजूत घातल्यासारखा — बोटं धरलीत माझी — काका नको, तुम्ही सांगि